हरणटोळ सापाचे फोटो नीट येत नाहीयेत, काय चुकतंय?

गोरेगावकर_पावसाळी:
रविवारी आरेच्या जंगलात पाऊस थांबल्यावर एका झुडपात हरणटोळ दिसला, छातीएवढ्या उंचीवर, फांदीसारखा निपचित. १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) आणि वर लावायचा फ्लॅश होता, चाळीसेक फोटो काढले पण खवल्यांवर पांढरे डाग, मागे काळाकुट्ट अंधार आणि डोळा एकातही शार्प नाही. सोबतचा मित्र म्हणत होता काठीने जरा मोकळ्या फांदीवर घे, मला ते पटलं नाही म्हणून तसंच परत आलो. पुढच्या वेळी काय करू?

येऊरची_वाट:
पांढरे डाग फ्लॅशमुळेच. स्टेशनरीच्या दुकानात पांढरी फोमशीट मिळते ना, ती वाकवून फ्लॅशपुढे लावा, प्रकाश जितक्या मोठ्या पृष्ठभागावरून येईल तितका मऊ पडतो. मागचा अंधार जायला शटर १/६० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ८०० करून बघा, म्हणजे मागची हिरवळ पण थोडी येते. हरणटोळाच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, फोकस तिच्यावरच ठेवायचा, आणि तो वाऱ्यासोबत डुलतो म्हणून एकामागोमाग पाच-सहा फ्रेम घ्या, त्यात एक तरी शार्प येते. मागे पानांची गर्दी असेल तर साप हलवायचा नाही, आपण वीतभर बाजूला सरकायचं.

रानवेडी_ठाणे:
काठी नाही लावली ते फार बरं केलंत, खरंच. हरणटोळ मान फुगवतो, खवल्यांमधली काळीपांढरी नक्षी दिसते, तोंड उघडतो, त्या फोटोला लोक वाहवा करतात पण तो बिचारा घाबरलेला असतो हो. मला शांत बसलेल्याचाच फोटो आवडतो.
आणि चापडा (हा विषारी साप) दिसला तर मॅक्रो घेऊन जवळ जाऊच नका, लांबून फोटो घ्यायला ७०-३०० झूम लेन्स लावा. आपल्याकडचं अँटीव्हेनम (सर्पदंशावरचं औषध) नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, चापडा त्यात नाही. तो एकाच फांदीवर कित्येक दिवस बसतो त्यामुळे घाई कशाला, उद्या परत जा. फक्त जागा कुठे टाकू नका, मी मागच्या पावसाळ्यात एका ग्रुपवर ओढ्याचं नाव लिहिलं आणि पुढच्या रविवारी तिथे दहा-बारा जण टॉर्च घेऊन, फांद्या मोडलेल्या, चापडा गायब. अजून वाईट वाटतं.

गोरेगावकर_पावसाळी:
ताई, माझ्या फोटोत लोकेशन सेव्ह होत होतं, आत्ता बंद केलं. फोमशीट आणली, गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सापाऐवजी ओली हिरवी मिरची ठेवून ट्राय केलं तर चकाकी बरीच गेली. १/६० ला हात हलतोय मात्र, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्यावा का?

येऊरची_वाट:
घ्या, पण आधी गुडघ्यावर कोपर टेकवून बघा, माझं तेवढ्यावर भागतं.