मदत हवी आहे: साताऱ्यातल्या आमच्या विटांच्या वाड्याचे मूळ मालक कोण?

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत आमचा जुना दुमजली वाडा आहे. पणजोबांनी तो विकत घेतला, एवढंच आजी सांगायची. दिवाळीनंतर वाडा उतरवायचं ठरलंय, त्याआधी त्याची सगळी हकिकत लिहून ठेवायची आहे.

सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढली, पण ती पणजोबांच्या नावापासूनच सुरू होते. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद सापडलाय, बहुधा खरेदीखत. खालच्या भिंतींच्या विटा लहान, चपट्या, चुन्यात बसवलेल्या. वरच्या मजल्याच्या मात्र आजच्यासारख्या जाड. म्हणजे खालचं घर १८४८ साली संस्थान खालसा होण्याआधीचं असेल का? एका विटेवर तर ती ओली असताना उमटलेलं मांजराचं पाऊल आहे! ती वीट मी जपणार.

जागा इनामी असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात नोंद मिळेल का? अर्जात काय लिहायचं? साताऱ्यात मोडी वाचून देणारं कुणी आहे का? कागदाचा फोटो लगेच पाठवते. पेठेतल्या जुन्या मंडळींना आधीचं घराणं आठवत असेल तर कृपया कळवा.