विक्रीस : १९८४ची आउडी क्वात्रो, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची

समस्त मंडळ सदस्यांस सप्रेम नमस्कार,

गेल्या खरिपापासून मी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी शेती पाहण्यासाठी कायमचा राहायला आलो असल्याने, इंग्लंडमध्ये धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये ठेवलेली माझी आउडी क्वात्रो विकायचे ठरवले आहे. ती मंडळातल्याच कोणा जाणकाराकडे गेली तर मला फार समाधान वाटेल.

गाडी पाच सिलिंडरची, २,१४४ सीसीची, टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असलेली आणि मूळ २०० अश्वशक्तीची आहे. हे मॉडेल १९८० साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात आले आणि पुढच्याच वर्षी ते चालवून मिशेल मूतों यांनी सानरेमो रॅली जिंकली; जागतिक रॅली अजिंक्यपदाची फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. माझी गाडी मात्र स्पर्धेत कधीही धावलेली नाही. साध्या गाडीवर पट्टे चिकटवून ती रॅलीची म्हणून खपवणे मला मान्य नसल्यामुळे हे आधीच स्पष्ट करतो. या इंजिनांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ्यांचा जोड, तापून तडकतो, तो मी बदलून घेतला आहे. उजव्या दाराखालच्या पत्र्याला मागच्या टोकाशी गंज धरला आहे, ते काम अजून बाकी आहे.

आपला,
दारव्ह्याकडचा सदस्य

---

भाऊ, नमस्कार.

माझे माहेर वणीकडचे, त्यामुळे पावसाळ्यात पांदणीत ट्रॅक्टरही कसा फसतो हे मी लहानपणापासून पाहिले आहे. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी तुमच्या घरचीच असताना ती गावी नेण्याऐवजी विकता का? आमच्या मुलाला ती घेण्याची इच्छा आहे, पण या गाडीचे डिफरन्शियल लॉक (वळताना चाकांना कमी-जास्त फिरू देणारी गिअरची जोडणी म्हणजे डिफरन्शियल, ती जखडणारे) आणि ट्रॅक्टरचे लॉक एकच का, असे तो विचारतो.

आपली,
एक सदस्या

---

ताई, नमस्कार.

गाडी इकडे आणण्याचा विचार मी पुष्कळ केला. कायदाच आड येतो. आपल्याकडे वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि विंटेज म्हणून नोंदवायची तर पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे व्हावी लागतात. म्हणजे २०३४पर्यंत ही गाडी दोन्हींत बसत नाही. त्यानंतर विंटेजचा क्रमांक मिळाला तरी रोजच्या वापराला परवानगी नाही. इंग्लंडमध्ये मात्र चाळीस वर्षे उलटल्यामुळे तिला रस्ताकर माफ झाला आहे.

शिवाय पांदणीत तिचा उपयोग नाही. चारही चाके फिरवण्याची कल्पना आउडीच्या अभियंत्यांना १९७७च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये सुचली, कारण कमी ताकदीची इल्टिस ही लष्करी जीप तिथल्या बर्फावर त्यांच्या जास्त ताकदीच्या गाड्यांना जुमानत नव्हती. पण आपली काळी चिकण माती बर्फासारखी सरकत नाही, ती चाकाला लपेटून बसते. टायरच्या खाचा एकदा बुजल्या की चार चाके काय अन् दोन काय, आणि क्वात्रोचे पोट इतके खाली आहे की बैलगाडीच्या चाकोरीत ती मधोमध टेकेल. तिथे उंच ट्रॅक्टरच हवा.

चिरंजीवांचा प्रश्न फार चांगला आहे. तत्त्व अगदी एकच आहे. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात नुसते फिरत राहिले की आपण पायाने लॉक दाबतो, मग मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि कोरड्यावरचे चाक ट्रॅक्टर ओढून काढते. क्वात्रोत मागच्या दोन चाकांमधले आणि पुढच्या-मागच्या आसांमधले, अशी दोन डिफरन्शियल लॉक होतात. ट्रॅक्टर वळवण्यापूर्वी लॉक सोडावे लागते, तसेच इथेही कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉक कधीही ठेवू नये. वळणावर चाकांना कमी-जास्त फिरता आले नाही की सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. जुनी क्वात्रो घेताना सर्वांत आधी हेच तपासावे, कारण पूर्वीच्या मालकाने लॉक लावून गाडी दामटली असेल तर ते नुसते पाहून कळत नाही, हळू वेगात पूर्ण वळण घेऊन ऐकावे लागते.

तूर निघाली की मी तिकडे येणार आहे. तोवर भाऊ गाडी दाखवील. किमतीचे बोलणे ती लिफ्टवर चढवून खालून पाहिल्यावरच करू. चिरंजीवांनी भावाला आधीच बजावून ठेवावे की ते पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये, कारण थंड इंजिन कसे उठते आणि धूर कोणत्या रंगाचा निघतो यावरून टर्बोची प्रकृती बरीचशी कळते. जोरात चालवून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू द्यावे.

आपला,
दारव्ह्याकडचा सदस्य