‘हन्ना’ या हिब्रू नावाचा नेमका अर्थ काय आणि ते मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: हन्ना, हॅना, अ‍ॅना ही नावं एकच का? नावांच्या याद्यांत कुठे ‘कृपा’ अर्थ दिलाय, कुठे ‘फूल’. जन्मदाखल्यासाठी देवनागरी आणि हिब्रू, दोन्ही लेखन हवं आहे.

उत्तर १: अर्थ ‘कृपा’च. धातू हेत-नून-नून (ही हिब्रू अक्षरांची नावं), म्हणजे कृपा करणं. त्यावरूनच ‘हेन’ हा शब्द. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (१:१८) हन्ना एली याजकाला म्हणते, तुमच्या दृष्टीत या दासीला ‘हेन’ लाभो. तिच्याच नावाचा शब्द तिच्या तोंडी येतो, आणि भाषांतरात हा खेळ पार हरवतो. योहानान (त्यावरून योहान, जॉन) याच धातूचं. ‘फूल’ हा अर्थ जपानी ‘हाना’चा, त्याचा इथे काही संबंध नाही. अरबी ‘हना’ म्हणजे सुख. त्यातला ‘ह’ही वेगळा.

उत्तर २: सगळा घोळ पहिल्या अक्षराचा आहे. ‘हेत’ म्हणजे आपला ‘ह’ नव्हे. आज इस्रायलमध्ये बहुतेक जण तो घसा खरवडत ‘ख़बर’मधल्या ‘ख़’सारखा म्हणतात. जोर नियमाने शेवटच्या ‘ना’वर, पण रोजच्या बोलण्यात पुष्कळदा पहिल्या अक्षरावर येतो. हेतच्या मूळ, घशातून येणाऱ्या ‘ह’ला ग्रीकमध्ये अक्षरच नसल्याने ‘आन्ना’ झालं, पुढे अ‍ॅना, अ‍ॅन. आजचा ‘ख़’ रोमन लिपीत पुष्कळदा ‘सी-एच’ने लिहितात आणि आपल्याकडे त्याचं सर्रास ‘चना’ होतं. तेवढं टाळा.

उत्तर ३: देवनागरीत ‘हन्ना’ लिहा. मराठी बायबलमध्ये हेच रूप आहे, आणि जोड ‘न्न’ला आधारही आहे: मूळ नूनमध्ये दागेशचा ठिपका असतो, तो दुहेरी उच्चाराची खूण. ‘खन्ना’ लिहिलंत तर लोक पंजाबी आडनाव समजतील.

हिब्रूत मात्र तीनच अक्षरं: हेत, नून, हे (חנה). रोमनवरून उलटं लिहिताना लोक हमखास दोन नून घालतात, ते चूक. शेवटचा ‘हे’ मुका असतो, फक्त ‘आ’ दाखवतो. म्हणून रोमनमध्ये शेवटी ‘एच’ असला-नसला तरी चालतं. पण जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग द्याल तेच पासपोर्टवर ठेवा. ज्यू धार्मिक विधीत पूर्ण नाव घेताना पुढे ‘बत’ (मुलगी) आणि वडिलांचं नाव येतं, जसं ‘हन्ना बत दाविद’.