‘न्यायालयीन कोठडी’ म्हणजे नेमकी कुठली कोठडी?

प्रश्न : बातम्यांत ‘पोलीस कोठडी संपली, आता 14 दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली’ असं येतं. न्यायालयात कोठडी असते का? आणि ‘सुनावली’ म्हणजे शिक्षा झाली का?

उत्तर : नाही, माणूस जातो तुरुंगात. ताबा न्यायालयाच्या हुकमाखाली असतो, म्हणून ती ‘न्यायालयीन’. तिथे पोलिसांना चौकशी करायची तर परवानगी लागते. पोलीस कोठडी म्हणजे ठाण्यातलं लॉकअप. कोर्टाच्या आवारात पोलीस कोठडीला पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड) आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) म्हणतात. ‘सुनावली’ मलाही खटकतं. शिक्षा सुनावतात, कोठडी देतात. गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय!

आणखी एक मुद्दा : मुदतीचंही सांगायला हवं. राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. त्यापुढे पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांपर्यंतच. पूर्वी हे दिवस रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने दिलेल्या कोठडीच्या, पहिल्या पंधरवड्यातच वापरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये अनुपम कुलकर्णी खटल्यात सांगितलं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, आली. तिच्या कलम 187 नुसार तेच 15 दिवस गुन्हा किती गंभीर त्यानुसार सुरुवातीच्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येतात. म्हणजे एमसीआर झाला तरी आरोपी पुन्हा लॉकअपमध्ये येऊ शकतो. माझ्या मते आकडा तोच राहिला, धाक मात्र लांबला. मोक्क्यात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, तर पोलीस कोठडीचे मुळात 30 दिवस आहेत.

प्रश्न : मग बातम्यांत 60 आणि 90 दिवसांची मुदत येते, ती कशाची?

उत्तर : पोलिसांनी तपास करून कोर्टात दोषारोपपत्र दाखल करण्याची. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90, बाकी 60. तेवढ्यात ते दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, वकील त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. पण अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही. ‘आरोपनिश्चिती’ ही वेगळी गोष्ट, ती न्यायालय करतं. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

आणखी एक मुद्दा : ‘चौकशीसाठी ताब्यात घेतलं, अटक दाखवली नाही’ हा शब्दप्रयोगही तपासा. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलंय की माणसाची मोकळीक काढून घेतली त्या क्षणी अटक झाली. कागदावर वेळ कुठलीही लिहिलेली असो, 24 तास तिथूनच मोजायचे.