मदत हवी आहे : अभ्यासिकेच्या एका टोकाला हुडहुडी, दुसऱ्या टोकाला घाम. एअर बॅलन्सिंग (प्रत्येक खोलीला ठरलेली हवा वाटून देणं) कसं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

नागपुरात सक्करदऱ्याकडे आमच्या मंडळाची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. देणग्या गोळा करून ११ टनांचा डक्टेबल एसी (डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, सगळीकडे थंड हवा पोचवणारा) बसवला. एकच मशीन, एकच मोठा डक्ट : आधी मोठा हॉल (५ डिफ्यूझर, म्हणजे छतातून हवा सोडणारी जाळीची तोंडं), मग मधला हॉल (३), शेवटी पश्चिमेच्या भिंतीला लागून मुलींची खोली (३).

मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर गेला की मोठ्या हॉलमधली पोरं शाल पांघरून बसतात आणि शेवटच्या खोलीतल्या मुली वहीने वारा घेतात. हॉलमधल्या एका डिफ्यूझरला कोणीतरी दोन बाजूंनी पुठ्ठा चिकटवलाय. आम्ही काढतो, दुसऱ्या दिवशी परत लागलेला असतो. शेवटच्या खोलीत डिफ्यूझरखाली टिश्यू पेपरची पट्टी धरली तर जेमतेम हलते.

ठेकेदार म्हणतो, टन कमी पडतोय, त्या खोलीत २ टनांचा स्प्लिट लावून टाका. पण बिलात ‘टेस्टिंग, बॅलन्सिंग व कमिशनिंग’ अशी ओळ आहे आणि तिचे पैसे दिलेत. रिपोर्ट मागितला तर एक पान हाती आलं. अकराही डिफ्यूझरपुढे ४०० सीएफएम (मिनिटाला ४०० घनफूट हवा). ना ३९०, ना ४१५. सगळीकडे बरोब्बर ४००. कोणत्या उपकरणाने मोजलं, कधी मोजलं, काही नाही.

टन वाढवण्याआधी हवा मोजून घ्यावी असं माझं मत आहे, पण कमिटीला पटवायला मुद्दे हवेत. मोजायला कोणाला बोलवायचं, रिपोर्टमध्ये काय असायला हवं, आणि हे काम मे मध्येच करायचं की आता चालेल?

डक्टवाला_बुटीबोरी :
भाऊ, तो रिपोर्ट मोजलेला नाही, ड्रॉइंगवरून उतरवलेला आहे. टनाला साधारण ४०० सीएफएम धरतात, म्हणजे ११ टनांना ४४००, भागिले ११ डिफ्यूझर. झाला रिपोर्ट तयार! प्रत्यक्ष साइटवर अकरा आकडे असे एकसारखे येतच नाहीत. डिझाइनच्या १० टक्के वर-खाली, म्हणजे तुमच्याकडे ३६० ते ४४० च्या आत बसले तरी काम चांगलं म्हणायचं.

मोजणी आत्ताच करा. हवेचं वाटप ऋतूवर अवलंबून नसतं. मशीन पूर्ण थंडावा देते का, हे तपासायला मात्र मे ची दुपार हवी.

सुरुवात मशीनपासून. फिल्टर धुवा (आपल्याकडे एप्रिलमधल्या धुळीने आठवड्यात गच्च होतात), सगळे डॅम्पर (डक्टमधल्या हवेच्या झडपा) पूर्ण उघडा, दारं रोजच्यासारखी बंद ठेवा आणि मेन डक्टमध्ये पिटो ट्यूबने (हवेचा वेग काढायची नळी) एकूण हवा मोजा. ४४०० च्या जागी ३३०० च निघाली तर डॅम्पर कितीही फिरवा, वाटणार काय?

एकूण ठीक असेल तर प्रत्येक डिफ्यूझरची हवा डिझाइनच्या किती टक्के येते ते लिहा. सगळ्यात कमी टक्केवाला पूर्ण उघडाच ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या टक्क्याला येईपर्यंत आवळत जायचे. कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत न्यायचं तर वरची गेटं आधी आवळावी लागतात ना, तसंच. पुठ्ठा लावणाऱ्या पोराला हे कळलंय, फक्त त्याने चुकीच्या जागी आवळलं. तोंडाशी दाबलं की आवाज वाढतो. डॅम्पर मेन डक्टमधून फुटणाऱ्या फांदीवर, डिफ्यूझरपासून लांब हवा.

बोलावताना ‘फ्लो हूड (डिफ्यूझरवर झाकून त्याची सगळी हवा मोजणारी टोपी) आहे का’ हे आधी विचारा. नुसता पंख्याचा अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) डिफ्यूझरच्या पात्यांखाली धरून घेतलेला आकडा फसवा असतो.

संत्रानगरी :
एवढी भानगड कशाला जी, खिडकीत एक कूलर लावा, प्रश्न मिटला 😄

डक्टवाला_बुटीबोरी :
एसीच्या खोलीत कूलर नका लावू बाप्पा! कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसीला तेच पाणी परत काढत बसावं लागतं.

एएचयू_आणि_चहा :
धागाकर्ते, रिटर्न ग्रिल (हवा मशीनकडे परत ओढणारी जाळी) कुठे आहे? फक्त मोठ्या हॉलमध्ये असेल तर बंद दाराच्या खोलीतून हवा परत जाणार कुठून? दार उघडं आणि दार बंद, दोन्ही वेळा तीच पट्टी धरून बघा. आणि फ्रेश एअरचा (बाहेरची ताजी हवा घेणारा) डॅम्पर उन्हाळ्यात बंद करून ठेवलाय का? इथले बरेच ऑपरेटर तसं करतात. मग दुपारी सगळी अभ्यासिका पेंगते आणि दोष जेवणाला जातो.

धागाकर्ता :
पट्टी धरून पाहिली. रिटर्न खरंच फक्त मोठ्या हॉलमध्ये आहे, आणि दार उघडलं की पट्टी स्पष्ट जास्त हलते. शेवटच्या खोलीच्या फॉल्स सीलिंगचं झाकण उघडलं तर एक फ्लेक्झिबल डक्ट केबल ट्रेवरून घडी पडून गेलेला, तारेने आवळलेला. हॉलच्या फांद्यांचे डॅम्पर मात्र पीओपीच्या वर आहेत, हात घालायला जागाच नाही. फ्रेश एअर बंदच होता. ठेकेदार आता म्हणतो, पुली बदलून ब्लोअरचा (मशीनच्या पंख्याचा) वेग वाढवून देतो. करू द्यावं का?

डक्टवाला_बुटीबोरी :
इतक्यात नाही. वेग १० टक्के वाढला की हवा १० टक्केच वाढते, पण मोटरवरचा भार सुमारे ३३ टक्के वाढतो, कारण तो वेगाच्या घनाने चढतो. तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरने मोजून मोटरच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुलीला हात लावू देऊ नका.

आधी घडी पडलेला फ्लेक्झिबल सरळ करून घ्या, दाराला खाली ग्रिल बसवा, पीओपीत प्रत्येक डॅम्परखाली उघडता येणारं झाकण बसवून घ्या. हे तिन्ही ठेकेदाराच्या खर्चाने, कारण झाकणंच नसतील तर बिलातलं बॅलन्सिंग त्याने केलं कसं, हा प्रश्न कमिटीने लेखी विचारावा. फ्रेश एअर मोजणीआधी उघडा, नंतर नाही, नाहीतर सगळे आकडे बदलतील.

रिपोर्टमध्ये उपकरणाचा नंबर व कॅलिब्रेशनची तारीख, मशीनचा स्टॅटिक प्रेशर (डक्टमधला हवेचा दाब), ब्लोअरचा आरपीएम, अँपिअर आणि प्रत्येक डिफ्यूझरचे आधीचे-नंतरचे आकडे मागा. शेवटी डॅम्परच्या हँडलवर मार्करने खूण करून घ्या, पुढचा सर्व्हिसवाला फिरवेल तर कळेल.

धागाकर्ता :
धन्यवाद. पत्र आजच देतो. नागपुरात फ्लो हूड घेऊन येणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.