राडा, लफडं, वांधा, नवटाक : नाक्यावरच्या कादंबऱ्यांतले शब्द

जुनापुराणा :
'वासूनाका' संपवून भाऊ पाध्यांचीच 'राडा' ही कादंबरी (1975) पुन्हा वाचायला काढली आहे. शीर्षकातला शब्द हल्ली मथळ्यांत चावून चावून चोथा झालाय, पण त्याचा पहिला अर्थ मारामारीच आहे का? आणि राडा, लफडं, वांधा, झोल हे चारही 'भानगड' या एकाच खुंटीला टांगता येतील का? आमची कन्या या सगळ्यांना मिळून 'सीन झाला' एवढंच म्हणते. जाता जाता, नवटाक म्हणजे नेमकं किती, तेही कोणी सांगा.

पंचगंगाकाठ :
आमच्याकडं राडा म्हणजे चिखल. "अंगणात नुसता राडा झालाय, पायताणं भाईरच काढा" असं आई अजून म्हणते. पाडकामाच्या ढिगाला राडारोडा म्हणतात, महापालिकासुद्धा तोच शब्द वापरते. सगळं एकमेकांत कालवून गेलं की राडा. माणसं कालवली गेली की तुमचा मुंबईचा राडा, असं मला वाटतं.

लालबागची लेक :
क्रियापदं बघा, लगेच उलगडा होईल. राडा 'होतो', 'करतात', 'घालतात', आणि तो चारचौघांत लागतो. दार लावून घरात होतं ते भांडण. लफडं 'असतं', चालू असतं, झाकलेलं असतं. बाहेर आलं की मग त्याची चर्चा. झोल 'करतात', बहुतेक हिशेबात किंवा कागदपत्रांत. वांधा मात्र कोणी करत नाही, तो आपसूक होतो. पैशाचे म्हटलं की अनेकवचनीच, 'वांधे झालेत'. गुजरातीत वांधो आहे, मुंबईत तो शेजार जुना. म्हणजे बघा, आधी लफडं किंवा झोल, त्यावरून राडा, आणि पोलीस आले की वांधे.

नवटाक म्हणजे पावशेराच्या निम्मं. 1958 पासून मेट्रिक मापं आली, शेर-छटाक बाजारातून उठले. दारूच्या अड्ड्यावर नवटाक राहिली. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर चोरून चालणाऱ्या आंटीच्या गुत्त्यावर कोण मिलिलिटर मोजणार? 'पहिल्या धारेची' हा शब्दही हातभट्टीचाच. आता विनोदही पहिल्या धारेचा असतो.

सदाशिवसुत :
शब्दांची उकल छान. पण या पुस्तकांत शिव्या वजा केल्या तर उरतं काय? अत्र्यांनी 'वासूनाका'वर उगाच झोड उठवली नव्हती.

जुनापुराणा :
पंचगंगाकाठ, लालबागताई, आभार. चिखलाचा अर्थ कळल्यावर तर शीर्षक आणखी आवडलं.

सदाशिवसुतांना सांगतो, काय उरतं ते. शिव्या मलाही दुसऱ्या वाचनात ऐकू येईनाशा होतात. मग दिसायला लागतात ते भाड्याचे, गिरणीतल्या पाळीचे, जागेचे शब्द. माझ्या मते या लेखनाचा खरा खडबडीतपणा तिथे आहे. बदली, खाडा, पागडी, गाळा. यांत असभ्य काही नाही, कोणत्याही आजीसमोर उच्चारावेत.

'खाडा' घ्या. आपण कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडतो. गिरणीत कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी बदलीवाल्याला उभं करत. बदलीवाला पाळीच्या वेळेला फाटकाशी ताटकळत असे, नाव पुकारलं तर रोज, नाहीतर परत. म्हणजे एकाचा खाडा ही दुसऱ्याची भाकरी. शेजारच्या खोलीतला माणूस तापाने फणफणलाय हे ऐकून बदलीवाल्याच्या मनात आधी काय येत असेल? असला प्रसंग ज्याला लिहिता येतो त्याला शिवीची गरज पडत नाही, आणि पडली तरी ती खपून जाते.

किंवा पागडी. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जवळजवळ गोठली, मग जागेची खरी किंमत पागडीच्या रूपाने आधीच मोजायची पद्धत रुजली. एवढी रक्कम पुन्हा उभी करणं अवघड, म्हणून खोली सोडता येत नाही. शेजाऱ्याशी कितीही राडा होवो, सकाळी त्याच नळावर त्याच्याच मागे हंडा लावायचा. चाळीतली भांडणं इतकी जोरात का होतात आणि इतकी लवकर का मिटतात, याचं अर्धं कारण मला या एका शब्दात सापडलं.

'वासूनाका'ची गोष्ट सांगणाऱ्या पोक्याचंही तेच. टवाळ पोरं नाक्यावर का उभी? दहा बाय दहाच्या खोलीत आई-बाप, बहिणी, एखादा गावचा पाहुणा. त्यात मोठ्या मुलाने बसायचं कुठे? अत्र्यांना तिथली पोरं दिसली. पाध्यांना त्या पोरांच्या पाठीमागची खोलीही दिसते, आणि तिच्यावर ते भाषण ठोकत नाहीत. पोक्या स्वतःच बोलतो, फुशारक्या मारतो, त्यातूनच त्याचं रिकामपण बाहेर पडतं. ही कमाई मोठी आहे. 1963 ची जयवंत दळव्यांची 'चक्र' ही कादंबरी मला याच्यापुढे थोडी हळवी वाटते, झोपडपट्टी तिथे आपण लेखकाचं बोट धरून बघतो. (मतभेद असणारच, या खुशाल.)

त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्याच नावाच्या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणाला डोक्यावर छप्पर हवं, आणि पहिला प्रश्न जातीचा. इथलं क्रियापद बघा. 'चोरली' म्हणजे दुसऱ्याची उचलली नव्हे. अंग चोरून बसतात, काम चोरतात, तशी स्वतःची जात चोरली. आपल्याच वस्तूची चोरी, आणि पकडला गेल्यावर मारही चोरासारखाच.

हिंजवडी लोकल :
खाडा आमच्या जिममध्ये रोज वापरतात, गिरणीतही होता हे नवीन! नव्या आवृत्तीत मागे शब्दार्थ द्यायला हवेत ना पण?

लालबागची लेक :
नकोत रे बाबा. बदली किंवा गाळा यावर टीप चालेल, तो व्यवहार आहे. 'राडा : मारामारी' असं छापलं की संपलं. पुढचं वाक्य वाच, कोण कोणाला म्हणतोय ते बघ, अर्थ लागतो.

पंचगंगाकाठ :
एक शंका. पुण्यात चौक, आमच्याकडं चौक किंवा तिकटी. मुंबईत नाका का म्हणून?

लालबागची लेक :
नाका म्हणजे मुळात जकात किंवा टोल घेण्याची जागा. वसुली गेली तरी नाव चिकटून राहिलं, मग कुठल्याही वर्दळीच्या तिठ्याला नाकाच म्हणायला लागले. सकाळी तिथेच गवंडी, बिगारी, रंगारी कामाच्या आशेने उभे राहतात, त्यांना नाका कामगार म्हणतात. त्यामुळे "तो नाक्यावर मिळेल" असं कोणी सांगितलं तर वेळ विचारून घ्या. सकाळचा असेल तर कामाचा माणूस, संध्याकाळचा असेल तर पोक्या.