अनुभव धागा : विस्कस फॅनचा क्लच आपण कसा तपासता?

बोलेरो, क्वालिस, जुनी इनोव्हा अशा गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि त्याला किती वेग मिळावा हे मधला विस्कस क्लच, म्हणजे घट्ट तेलाच्या पकडीवर चालणारा जोड, ठरवतो. गॅरेजात बहुधा पंखा हाताने फिरवून पाहतात आणि क्लच ठीक असल्याचे सांगतात. एवढी तपासणी पुरते का, हे स्वतःच्या अनुभवावरून लिहावे. विजेच्या पंख्यांचा विषय येथे नको.

भांडुप, बोलेरो :
पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडी वेगात असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नसे, पण शीवच्या कोंडीत तो हळूहळू वर सरके. वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, त्यामुळे पंख्याची खरी परीक्षा कोंडीतच होते. मेकॅनिकने थंड इंजिनावर पंखा फिरवला, तो किंचित जड लागला आणि संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाचे पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर, गेला. तो बदलूनही फरक पडला नाही. मग गाडी पुरती तापवून, इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि जाड हातमोजा घालून पंखा फिरवला, तेव्हा तो थंड इंजिनावर लागला होता त्याहून जराही जड लागला नाही. क्लचच्या पुढची द्विधातूची पट्टी रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेने वळते, झडप उघडते, सिलिकॉन तेल कार्यकक्षात, म्हणजे पकड देणाऱ्या कप्प्यात, येते आणि पंखा जड होतो. येथे ते घडतच नव्हते. क्लच बदलल्यावर काटा स्थिरावला.

कुर्ला, गॅरेजचालक :
मी आधी कान लावतो. रात्रभर उभ्या गाडीत तेल कार्यकक्षात उतरलेले असते, म्हणून सकाळी इंजिन सुरू होताच पंखा थोडा वेळ घोंघावतो आणि मग शांत होतो. घोंघाट थांबतच नसेल तर क्लच जाम आहे. गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेजही घटते. तो कधीच ऐकू येत नसेल, तर तेल गळाले असावे असे धरून क्लचभोवती धूळ चिकटलेले तेलकट ओघळ शोधावेत. इंजिन बंद असताना पाते पुढे-मागे हलवून बेअरिंगचा ढिलेपणाही पाहावा. चालू पंख्यात गुंडाळलेले वर्तमानपत्र घालून तो अडतो का पाहण्याची पद्धत मात्र मी गॅरेजात चालू देत नाही, कारण पाते तुटले तर ते कोठेही उडते.

अंधेरी, पर्यटक इनोव्हा :
उभ्या गाडीत एसीलाही याच पंख्याची हवा लागते, म्हणून काटा वर जाण्याआधी एसीने सांगितले. सिग्नलला हवा कोमट, गाडी निघाली की पुन्हा गार.

मुलुंड :
हाताच्या तपासणीला इतके कमी लेखू नये. बंद इंजिनावर ढकललेला पंखा कितीतरी फेऱ्या आपोआप फिरत राहिला तर क्लच गेलाच. पुढची कोणतीही परीक्षा करण्याची गरज नाही. उलट जड लागला म्हणजे तो चांगला, असे मात्र म्हणता येत नाही. जुना सुटा भाग घेताना दुकानात तो आडवा ठेवलेला होता का, हेही विचारावे, कारण तसे ठेवल्यास तेल बेअरिंगकडे झिरपू शकते.

ठाणे :
पावसाळ्यात नुसत्या उभ्या गाडीवर निकाल देऊ नये. हवा गार असली की पट्टी वळण्याइतकी तापत नाही आणि चांगला क्लचही गप्प राहतो. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा धरून, काट्यावरची नजर न हटवता, घोंघाट सुरू होतो का ते ऐकावे आणि काटा नेहमीच्या जागेच्या फार वर जाऊ लागताच पुठ्ठा काढावा.